ड्रायव्हरबाईंची चार बिऱ्हाडं

माझा मोठा मामा सव्वीस वर्षं लोकांना घरं मिळवून देत होता आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. कोणी त्यावरून टोमणा मारला की म्हणायचा, "न्हावी स्वतःची हजामत करतो का?" लबाडी जमली नाही म्हणून त्याच्याकडे पैसाही जमला नाही, इतकं सरळ गणित होतं. मी त्याच्या ऑफिसात कागद टाईप करायचे. ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन खुर्च्या आणि पायाखाली पुठ्ठा सरकवलेलं टेबल.

ड्रायव्हरबाई तिथे आल्या त्या ड्युटीच्या कपड्यांतच. एकोणीस वर्षं शहराची बस चालवत होत्या. कंबरेला रुंद पट्टा बांधलेला. मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाल्या. "एकदा बसले की उठायला वेळ लागतो गं."

मग मामाकडे वळल्या. "मला चार बिऱ्हाडांचं घर घ्यायचंय. एकात मी आणि माझे वडील राहू, बाकी तिघांच्या भाड्यात बँकेचा हप्ता जाईल."

"आधी कधी घर घेतलंय?"

"नाही."

"मग बाई, एखादं लहानसं बघू. पहिल्याच खेपेला चार बिऱ्हाडं म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"मला घर नकोच आहे मामा, मला पेन्शन हवीय. डॉक्टर म्हणतात, कंबर अजून दोन वर्षं साथ देईल. पुढे माझ्याकडे कोण बघणार?"

त्या दिवसापासून मामाने त्यांचं काम घरचं कार्य असल्यासारखं अंगावर घेतलं. बाईंची सुट्टी मंगळवारी असायची. चार महिने दर मंगळवारी दोघं घरं बघत फिरले. 'घर पाहावं बांधून' म्हणतात. मामा म्हणायचा, बांधलेलं घर पाहायला जास्त अक्कल लागते. कुठे भाडेकरू भांडखोर होते, कुठे जिना इतका अरुंद की बाईंच्या वडिलांना चढता येणार नाही. अकरा घरं मामाने नापास केली. बाई त्याला हसून म्हणाल्या, "मामा, मुलीसाठी स्थळ बघताय का?"

बारावं घर पास झालं. कोपऱ्यावरचं, दोन मजली, खाली दोन आणि वर दोन बिऱ्हाडं. खालचं एक रिकामं होतं, तिथे बाई राहणार होत्या. मामाने सगळे नळ सोडले, भिंती ठोकल्या, जिन्याखाली वाकून वास घेतला. बँकेचा इंजिनिअर येऊन गच्ची आणि वायरिंग बघून गेला. तरी मामाचं समाधान होईना. खालच्या दुसऱ्या बिऱ्हाडात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे आजोबा तीस वर्षं राहत होते. मामा त्यांच्याकडे गेला, मी सोबत होते.

"आजोबा, तुमच्यापेक्षा हे घर कोणाला ठाऊक असणार? काही त्रास असेल तर सांगा. बाई एकट्या कमावत्या आहेत."

आजोबांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. "काही त्रास नाही," म्हणाले. "चांगलं घर आहे."

बाईंनी सही केली. त्याआधी कोऱ्या कागदावर ती दोनदा गिरवून पाहिली.

सात महिने बरे गेले. आठव्या महिन्यात बाईंच्या स्वयंपाकघरातली फरशी एका कोपऱ्यात खचली. उकरून पाहिलं तर खालची सांडपाण्याची जुनी लाईन कधीचीच फुटलेली; पाणी वर्षानुवर्षं घराच्या पायातच मुरत होतं. आधीच्या मालकाने वरून नवी फरशी बसवून घेतली होती. नगरपालिकेचा माणूस आला, भिंतीवरची भेग बोटाने मोजली आणि घर रिकामं करा अशी नोटीस चिकटवून गेला. आधीचा मालक परदेशात मुलाकडे निघून गेला होता. वकील म्हणाला, खटला दहा वर्षं चालेल.

मामा आजोबांकडे गेला तेव्हा ते घड्याळं एकेक करून कागदात गुंडाळत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मामा म्हणाला.

"होतं. मालक म्हणाला होता, तोंड उघडलंस तर दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. या वयात मला कोण जागा देणार होतं?" मग म्हणाले, "तसंही आता रस्त्यावरच आलो."

मामाला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. त्याने समोरचं एक घड्याळ उचललं आणि त्यांच्यासोबत गुंडाळायला बसला.

वरची दोन्ही बिऱ्हाडं त्याच आठवड्यात गेली. मामाने आपली दलाली पाकिटात घालून बाईंकडे नेली. त्यांनी ती न मोजता घेतली, कारण नको म्हणण्याची ऐपत उरली नव्हती. "तुमची चूक नाही," एवढं म्हणाल्या. मामा नंतर मला म्हणाला, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर मामा ते घर विकण्यासाठी गिऱ्हाइकांना दाखवत राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच खरं काय ते सांगायचा, आणि माणूस दारातूनच परत जायचा. शेवटी एका बिल्डरने नुसत्या जमिनीचा भाव दिला. त्यात कर्जही पुरतं फिटलं नाही.

बाई आता मामानेच शोधून दिलेल्या एका खोलीत वडिलांना घेऊन राहतात. डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं कधीच संपली. त्या अजून बस चालवतात. सिग्नलला गाडी थांबली की दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जागच्या जागी थोड्या उठतात आणि पुन्हा बसतात. मामाने धंदा बंद केला नाही, पोट होतं ना. पण चार बिऱ्हाडांच्या घराचं नाव कोणी काढलं की दुसऱ्या दलालाचा पत्ता देतो. बाईंची बस ऑफिसच्या दारावरूनच जाते. मामा त्या बसमध्ये चढत नाही. मागच्या गल्लीतून वीस मिनिटं चालत घरी जातो आणि विचारलं तर सांगतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.