सात पायऱ्या

पालिकेच्या दारात रॅम्प झालाय. ओल्या सिमेंटवर पाणी मारलेली पोती पसरलीत. तो रॅम्प बघून मला निवडून आल्यानंतरची पहिली सभा आठवली.

मुमताज आणि मी, दोघींचेही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. या रॅम्पसाठी आम्ही याच दारात उपोषणाला बसलो होतो. पुढं मी नगरसेविका झाले. पहिल्या सभेच्या दिवशी मुमताज मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन, तीनचाकी सायकल हातानं हाकत माझ्याबरोबर आली. दारात सात पायऱ्या तशाच होत्या. मी काही बोलायच्या आत चौघांनी मला व्हीलचेअरसकट उचललं. हलगी वाजली, गुलाल उडाला, फोटो निघाले. मी हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

तीन तासांनी खाली आले, तर मुमताज उन्हातच बसलेली. मांडीवरचे पेढे उन्हानं मऊ पडलेले.

"तुला न्हाय आणलं व्हय कुणी वर?" मी विचारलं.

"तुला उचललं की," ती म्हणाली. "आता कशाला बांधत्यात रॅम्प!"

तिला माझं सुख बघवत नाही, असं वाटलं मला. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही.

रॅम्प व्हायला नऊ वर्षं लागली. मुमताज गेल्या उन्हाळ्यात वारली.

तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. उचललेल्या खुर्चीत मी हसतेय. खाली कोपऱ्यात तिच्या सायकलीचं पुढचं चाक तेवढं आलंय.