लाइट गेल्यावरचा सुन्या

चाललेल्या बँडच्या कॅसेटी निघतात, न चाललेल्या बँडचे किस्से! आमच्या 'सीडलेस'ची धड गाणी पाच-सहा, किस्से मात्र आवरत नाहीत. तिघं होतो. मी गिटारवर, विक्या कीबोर्डवर, सुन्या ड्रमवर. नव्वदीच्या सुरुवातीला नाशिकमध्ये सायकेडेलिक रॉक वाजवायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. म्हणजे एक गाणं वीस मिनिटं, शब्द चार, आणि ऐकणाऱ्याला गरगरलं पाहिजे! नाव द्राक्षांवरून घेतलं, कारण नाशिकमधून परदेशात जाणारं तेवढंच आम्हाला ठाऊक होतं.

*

जाहीर कार्यक्रम एकच झाला, इंदिरानगरच्या एका गणेश मंडळात. पहिलं गाणं आम्ही डोळे मिटून, जीव ओतून वाजवलं. डोळे उघडले तर अध्यक्ष स्टेजपुढे हात जोडून उभे.

"झालं ना टेस्टिंग? मग आता सुरू करा की!"

सुन्या तेवढा पोट धरून हसला. आम्ही दोघं महिनाभर तोंड लपवून हिंडलो.

*

प्रॅक्टिस मखमलाबादला, सुन्याच्या वडिलांच्या गुलाबाच्या शेडमध्ये. अण्णा बाहेर फुलांच्या जुड्या बांधत बसायचे आणि आमच्या नावाने खडे फोडायचे. शेडमध्ये प्लग दोनच, ते गिटार आणि कीबोर्डला गेले. टेपरेकॉर्डर बिचारा सेलवर. त्यामुळे लाइट गेली की आम्ही दोघं गप्प, पण ड्रमला कुठे वीज लागते? सुन्या एकटा बडवत राहायचा आणि टेप ते इमानदारीत भरून घ्यायचा.

मग बाहेरून अण्णा ओरडायचे, "लाइट गेली ना! आता तरी थांब की रे!"

सुन्या काही थांबायचा नाही.

*

तो थांबला पेठच्या रस्त्याला. मोटारसायकलवर परत येताना घाटात ट्रकने उडवलं. बँड तिथेच संपला. मी गिटार विकली. अण्णांनी ड्रम विकले नाहीत. त्यावर गोणपाट टाकलं आणि त्याच्याकडे पाठ करून जुड्या बांधू लागले. माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं, ते मला फार लागलं.

*

दहा-बारा वर्षांनी घर बदलताना माळ्यावर मिक्सरच्या खोक्यात आमच्या कॅसेटी सापडल्या. 'सीडलेस' वाचून बायको म्हणाली, "द्राक्षांवरची भाषणं दिसतायत. भंगारात देऊ?"

मी खोकं पोटाशी धरून बसलो. बातमी मखमलाबादला पोचली आणि इतक्या वर्षांनी अण्णांचा फोन आला.

"सुन्याचं वाजवणं मी कधी धड ऐकलंच नाय. एकदा ऐकव, बाबा."

*

विक्याच्या ओळखीने पुण्याचा एक जुन्या रॉकचा वेडा आला. ऐकता ऐकता त्याचे डोळे पाणावले. "प्रत्येक गाण्याच्या शेवटी बाकीची वाद्यं मरतात, एकटे ड्रम उरतात. मृत्यूची केवढी जाण, त्या वयात!"

विक्या म्हणाला, "लोडशेडिंग होतं हो."

त्याला ते पटलं नाही.

*

अण्णांसाठी एका स्टुडिओत सीडी करायला दिली. तिथल्या पठ्ठ्याने शेवटचे ड्रमच कापले! वर मलाच सांगतो, "नुसतं धाडधाड होतं सर, वेस्ट. मस्त फेड आउट दिलाय!"

सुन्या दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. कॅसेटी तेवढ्या शाबूत होत्या.

*

त्यातली एक घेऊन दुपारी शेडवर गेलो. टेपमध्ये नवे सेल घातले. अण्णा कोऱ्या चेहऱ्याने ऐकत राहिले. माझी गिटार नुसती केकाटत होती, सुन्या तिच्याखाली दबून गेलेला. शेवटी टेपमधली लाइट गेली, ड्रम एकटे उरले, आणि मागून अण्णांचाच तेव्हाचा खणखणीत आवाज आला, "लाइट गेली ना! आता तरी थांब की रे!" सुन्या हसला, वाजवत राहिला. कॅसेट खट्कन संपली.

अण्णा मग उठले, बोर्डापाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. शेडमधला पंखा घरघरत थांबला.

"लाव परत. पयल्यापासून."

मी लावली. टेपमध्ये माझी गिटार सुरू झाली. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लाइट गेली ना! आता तू थांब की रे. त्याला एकट्याला वाजवू दे."