धुतलेली चप्पल

यमुनाबाईंच्या पिशवीत पुस्तकांसोबत एकच चप्पल असायची, रोज धुऊन वाळवलेली. बाईंना मिरगी होती. सासरी आणि मग मोहगावला भावाकडे त्या पडल्या की लोक धावत येत आणि पायातला जोडा काढून त्यांच्या नाकाशी धरत. "जोड्यानं काही होत नाही पोरी," त्या मला सांगायच्या, "पण लोकं हुंगवल्याबिगर राहत नाहीत. मंग माहीच धुतलेली लावा ना." जोडीची दुसरी कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "ते घरी आराम करून राहिली."

नवऱ्याने टाकल्यावर बाई शिकल्या आणि सौंसरला मुलींच्या शाळेत लागल्या. आमच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती. चूल पेटवण्याआधी माझ्या आईला हाक मारायच्या, "राधाबाई, बसून राहिल्या काय दारात?" त्यांची भाकर होईपर्यंत आई ज्वारी निवडत तिथेच बसायची. बाईंच्या डाव्या हातावर चुलीशी पडून भाजल्याचे जुने डाग होते. "नोकरी हाय तोवर माही चूल हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

शाळेला मिरगीचा पत्ता नव्हता. आम्हा तिसरीच्या मुलींना मात्र होता. त्यांनी आम्हाला नीट शिकवून ठेवलं होतं: पडल्या की कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, दार लोटायचं आणि बाकीच्यांनी मोठ्याने पाढे म्हणायचे, म्हणजे घरघर शेजारच्या वर्गात जात नाही. शुद्धीवर आल्या की पदराने तोंड पुसून विचारायच्या, "कुठवर आल्या?" आणि पुढचा पाढा सुरू.

मग भाषेवर राज्यं झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. शाळेत हिंदी आली. नवे इन्स्पेक्टर येणार म्हणून बाईंनी आमच्याकडून 'दो एकम दो' घोकून घेतलं. त्या काळजीत त्यांचं जेवणखाण, झोप, सगळं सुटलं होतं. इन्स्पेक्टरांनी आमचा वर्ग तपासला, खूश झाले, शेजारी गेले. आणि बाई पडल्या.

आम्ही सगळं बरोबर केलं. फक्त घाबरल्यामुळे पाढे मराठीत आले. बे एके बे, बे दुणे चार. हिंदीच्या वर्गातून मराठी पाढे ऐकून इन्स्पेक्टर परत फिरले.

"यह मराठी में क्यों?" असं विचारत त्यांनी दार ढकललं.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाणी मागवलं, बाई उठून बसेपर्यंत थांबले. "आप पढ़ाती अच्छा हैं," ते म्हणाले, "पर बच्चियाँ डर जाएँगी."

"आम्ही नाही भेत," मी म्हणाले.

"चूप बस," हेडमास्तर म्हणाले.

नोकरी गेली. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा आम्ही मुली रडत उभ्या होतो. बाई म्हणाल्या, "काहून रडता? पाढा तर बरोबर होता."

आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारी मी पहिली, आणि बी.ए. झालेली तर पहिलीच. शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी मोहगावला गेले. बाई गोठ्याच्या पडवीत होत्या. ताट वेगळं, पेला वेगळा. फेस लागला तर मिरगी लागते, असं वहिनी समजायची. बाईंनी हात पुढे केले. "पाह्य, भाजल्याचा एक नवा डाग नाही. चुलीजवळ जाऊच देत नाहीत ना." मग माझं बोट धरून म्हणाल्या, "तू शिकवतेस ना? मले ने. मी कोपऱ्यात बसून राहीन."

मी तेव्हा भाड्याची खोली शोधत होते.

ती मिळायच्या आत निरोप आला. भावाच्या संत्र्याच्या बागेत पाणी चालू होतं, बाई पाण्याच्या दांडात तोंडावर पडल्या. पाणी घोट्याइतकं. जवळ दोन गडी होते. दोघेही अनवाणी, म्हणून एक जोडा आणायला घराकडे धावला. दुसरा लांब उभा राहून त्याची वाट पाहत होता. बाईंची पिशवी बांधावरच होती, चप्पल तिच्यात होती.

कुशीवर वळवायचं होतं फक्त. तिसरीतल्या कोणत्याही पोरीने वळवलं असतं.