भाजी दुसऱ्या बॅचमध्ये

“मॅडम, सुनंदा मशीनवर चक्कर येऊन पडली. पण ब्रेक दिलेला हं आम्ही! कॅमेऱ्यात आहे सगळं.”

सावंतांचा फोन. वसई पूर्वेला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याचे ते प्रॉडक्शन मॅनेजर, आणि मी तिथली कामगार कायद्याची सल्लागार. बाईला लागलंय का ते सांगायचं सोडून यांचं कॅमेरापुराण! मी त्यांना झापलं आणि स्कूटर काढली.

सुनंदाला लागलं नव्हतं, नशीब. पण मालक मेहुलभाईंचं ठरलेलं होतं. “तब्येत नाजूक आहे तिची. उद्या हात मशीनमध्ये गेला तर? हिसाब करून टाकू.”

“थांबा हो,” मी म्हटलं. “बाईला घरी बसवणं सोपं आहे. आधी कारण तर बघू.”

कायदा साधा आहे. सलग पाच तासांच्या वर काम करून घ्यायचं नाही; मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. आमच्या भाषेत रेस्ट इंटरव्हल. पूर्वी इथे सगळे एकदम जेवायचे. पण मशीन थांबलं की आतलं प्लास्टिक बिघडतं, परत तापवण्यात वेळ जातो. म्हणून सावंतांनी नुकत्याच बॅचेस पाडल्या होत्या. आधी मशीनवाल्या बायका जेवणार, तेवढा वेळ पॅकिंगवाल्या मशीन सांभाळणार; मग पॅकिंगवाल्यांची सुट्टी. कायद्याला यात काहीच खटकत नाही.

सुनंदा जेवणाच्या खोलीत बसली होती. मी तिचा डबा उघडला. नुसत्या पोळ्या, आणि त्याही ढीगभर.

“भाजी कुठेय गं?”

“फिलोमिनाकडे. मी तिघींच्या पोळ्या आणते. आमच्या तुळिंजला सकाळी नळाचं पाणी जायच्या आत तेवढंच उरकतं. फिलोमिना निर्मळ गावाहून वाडीतली भाजी आणते, विरारची शैला डाळ-भात. त्या दोघी पॅकिंगला, त्यांची सुट्टी नंतर.”

“मग सकाळीच भाजी मागून घ्यायचीस ना!”

“मागून?” तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. “इतकी वर्षं कुणी कुणाकडे मागितलं नाही, मॅडम. एकत्र बसलं की आपोआप पानात पडतं. कोरडी पोळी एकटीला गिळवत नाही. पाणी प्यायचे आणि डोकं टेकायचे.”

मी तशीच मालकांच्या केबिनमध्ये गेले. सावंतही तिथेच होते.

“मेहुलभाई, बॅच मशीनप्रमाणे नको, डब्याप्रमाणे पाडा.”

“आणि मशीन कोण चालवणार?”

“रिलीव्हर ठेवा.” म्हणजे जेवायला गेलेल्याच्या जागी बसणारा माणूस.

“तो कुठून आणू?”

“मिळेपर्यंत सावंत बसतील. त्यांना येतं की मशीन.”

“मी?” सावंत दचकले.

“उपाशी बाईचं बोट गेलं तर कॅमेऱ्यातला ब्रेक दाखवून सुटाल, असं वाटतं का तुम्हाला?”

मेहुलभाई खुर्चीतल्या खुर्चीत हलले. “बरं. राहू दे तिला.”

पुढच्या खेपेला गेले तर सावंत घाम पुसत मशीनवर. तिघी हसत-खिदळत जेवून आल्या. फिलोमिनानं डब्याच्या झाकणात पोळी आणि वालपापडीची भाजी त्यांच्यापुढे धरली. “घ्या सर.”

“अहो, मी कुठे मागितली?”

“मागायची नसते,” सुनंदा म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

आता कुठल्याही कारखान्यात ब्रेकचं टाइमटेबल माझ्यापुढे आलं, की मी आधी डबे उघडायला लावते.