शकूवहिनी आणि एकोडीची कॅसेट

शकूवहिनींना एखादी गोष्ट कळली नाही, की त्या ते तिथल्या तिथे सांगून टाकत. समोर गिऱ्हाईक असो, नवरा असो, नाहीतर नागपूरहून आलेला मेकॅनिक असो. "मले नाही समजून राहिलं," एवढं म्हणत आणि मशीनकडे बघत बसत. त्यांचे यजमान भाऊराव यावर वैतागायचे. "गिऱ्हाइकासमोर असं कायले सांगतं?" ते विचारत. "मंग काय सांगू? समजलं म्हणू?" वहिनी म्हणत. त्यात टोमणा नसे. उत्तर मिळालं असतं तर त्यांना ते खरंच हवं होतं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. सानगडीच्या बाजारओळीत भाऊरावांचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढण्याची टूम नुकतीच आमच्या भागात पोचली होती. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि कॅसेटच्या सुरुवातीला दिसणाऱ्या 'शुभविवाह'च्या पाट्या रंगवून द्यायचो. पहिली पाटी घेऊन गेलो, तेव्हा वहिनी मागच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. समोर दोन व्हीसीआर आणि एक टीव्ही. एका मशीनवर शूटिंगची कॅसेट चालवायची, हवा तो भाग दुसऱ्या मशीनवर उतरवायचा, नको तिथं दोन्ही थांबवायची. याला त्या 'जोडणी' म्हणत. शूटिंग भाऊरावांचं, जोडणी वहिनींची. मध्येच काही बिघडलं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा जोडावं लागे.

आणि बिघडायचं तर नेहमीच. एका उन्हाळ्यात रोज दुपारी चित्र उड्या मारायला लागलं. वहिनींचा एकच हट्ट होता, "एका टायमाले एकच गोष्ट बदला." भाऊरावांना तेवढा धीर कुठला? त्यांनी एका दमात वायरी, स्टॅबिलायझर, टीव्हीची जागा, सगळंच बदललं आणि चित्र सुधारलं. वहिनींना मात्र चैन पडेना. "आता कशानं सुधरलं ते कोण सांगन?" त्या म्हणाल्या आणि जुन्या वस्तू एकेक करून परत लावत बसल्या. सगळं जुनं पुन्हा लागलं, तरी चित्र स्थिरच राहिलं. चित्र उडत होतं तेव्हा त्या जेवढ्या गोंधळल्या नव्हत्या, तेवढ्या त्या दिवशी गोंधळल्या. मला चहा दिला, त्यात साखर घालायची राहिली.

एकोडी गावच्या एका लग्नाची कॅसेट याच मशीनवर अडली. लग्न मोठं होतं, शूटिंगच्या कॅसेटी भरपूर, जोडणी लांबलेली. ती पूर्ण व्हायच्या आतच बातमी आली की मुलीचे वडील शेतावर धानाच्या बांधीत साप चावून गेले. काही दिवसांनी मुलगी, नलू तिचं नाव, आईला घेऊन स्टुडिओत आली.

"काकू, पाठवणीचा भाग जोडला का?" तिनं विचारलं. "मी निघाली तवा बाबा आलेच नाही. मी सगळीकडं पाह्यलं. आई म्हणते, तिथंच होते."

"होतेच," आई म्हणाली. "हिले नाही दिसले, त्याले मी काय करू?"

नेमका तोच भाग चालत नव्हता. नवरी जीपमध्ये बसली की पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, रंग उडायचे आणि मशीन खट्‌कन आपोआप बंद पडायचं. साकोलीच्या मेकॅनिकनं मशीनचं फीत वाचणारं हेड साफ केलं, त्याचं म्हणणं दोष हेडचाच. भंडाऱ्याचा म्हणाला, कॅसेटची फीत मुडपली आहे. नागपूरचा म्हणाला, तुमच्याकडची लाइटच खराब. वहिनींनी कॅसेट उघडून पाहिली, तर फितीवर एक सुरकुती नव्हती. दुसऱ्याचं मशीन आणून लावलं, तर तेही त्याच जागी थांबलं. "सगळ्यायले समजून राहिलं," त्या मला म्हणाल्या, "आणि तिघायचं वेगवेगळं समजून राहिलं."

त्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. दरवेळी कॅसेट चालवली, की त्या जागेच्या आसपास पांढरे ठिपके वाढत होते. दोष शोधता शोधता फीत झिजत होती. भाऊराव म्हणाले, "अजून एकदा पाहू." वहिनींनी कॅसेट काढून पदराखाली धरली. मी त्यांना नवऱ्याला अडवताना तेवढंच एकदा पाहिलं.

नलूला आणि तिच्या आईला बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. "पोरी, काहून बंद पडते ते मले समजलं नाही. अजून शोधलं तर आहे तेही जाईल. आता तूच सांग, काय करू?"

नलूनं कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "एक डाव लावा, काकू. बंद पडली तर पडली. मंग मी नाही मागणार."

वहिनींनी कॅसेट लावली. दुसऱ्या मशीनचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं. टीव्हीवर मांडव दिसला, बँडवाले दिसले, नलू जीपमध्ये बसली. रेघा आल्या. आम्ही खट्‌ आवाजाची वाट पाहत होतो. रेघा तशाच थरथरत राहिल्या आणि हळूहळू विरल्या. मशीन चालूच होतं.

जीपच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे पाठ करून, धोतर नेसलेला एक माणूस आंदणाची पेटी दोरानं बांधत होता. गाठ मारली, ओढून पाहिली आणि सोडली. परत बांधली. ड्रायव्हरनं वळून काहीतरी म्हटलं. त्या माणसानं मान हलवली आणि पुन्हा गाठ सोडली.

"बाबा दोर काहून सोडून राहिले?" नलूनं विचारलं.

तिची आई डोळ्यांना पदर लावून बसली होती. थोड्या वेळानं नलूही टीव्हीसमोर वाकून रडायला लागली, तेव्हा वहिनी सरकून तिच्या शेजारी बसल्या, पण त्यांचा एक हात मशीनवरच होता.

मूळ कॅसेट त्यानंतर पुन्हा कधी त्या जागेच्या पुढे गेली नाही. त्याच दिवशी का चालली, हे कोणालाच सांगता आलं नाही. आपण हेड साफ करून घेतलं म्हणून चालली, असं भाऊराव गावभर सांगत. मी वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी काहीच केलं नाही, गुरुजी. तेच तर डोक्यात घुमून राहिलं."

नलूच्या सासरी व्हीसीआर नव्हता, म्हणून जोडलेली कॅसेट स्टुडिओतच राहिली. ती बाजाराच्या दिवशी यायची आणि तेवढाच भाग पाहून जायची. त्या दिवशी वहिनी दुसरं काम लावत नसत. गिऱ्हाइकं खोळंबत, भाऊराव कुरकुरत, पण एक मशीन मोकळं असे.

वहिनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली, की मला एक बाजाराचा दिवस आठवतो. नलू तान्ह्या पोराला घेऊन आली होती. वहिनींनी कॅसेट काढून टीव्हीवर ठेवली होती. नलू चटईवर बसली, पोराच्या दातांबद्दल बोलली, सासूबद्दल बोलली, चहा प्यायली, आणि सासरच्या गावची बस आली तशी घाईनं उठून गेली. वहिनी दारात उभ्या राहून बस दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या.

"काय झालं, वहिनी?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आज पोरगी कॅसेट पाहाची विसरली."

आत येऊन त्यांनी कॅसेट पुसली, खोक्यात घातली आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.