तळ मी वसवला नव्हता

निवृत्तीच्या समारंभात एका संचालकांनी माझा उल्लेख 'ऊसतोड मजुरांचा तळ शिस्तीत वसवणारा माणूस' असा केला. टाळ्या झाल्या. मी शाल-नारळ घेऊन खाली बसलो. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून आता लिहितो.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी शेतकी खात्यात होतो. दिवाळी सरली की पाथर्डीकडून ट्रक यायचे. त्यातून माणसं उतरायची, भांडी, शेळ्या, लेकरं उतरायची. कारखान्यामागच्या माळावर ही मंडळी बांबू-चटयांच्या कोप्या उभ्या करायची. त्या मला वेड्यावाकड्या वाटायच्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, मध्येच भलीमोठी मोकळी जागा. त्या वर्षी आलेल्या नव्या साहेबांना टापटीप हवी होती. मी चुन्याच्या फक्कीनं सरळ रेघा मारल्या आणि ट्रक जसे रिकामे झाले तशा जागा वाटत गेलो.

एक गरोदर बाई माझ्या मागं मागं चालत होती.

"साह्यब, मला चुलतसासूच्या समोर जागा द्या. माहे दिस भरल्यात."

"हाकेच्या अंतरावर तर आहे ती."

"म्हातारीला ऐकू कुठं येतंय?"

टोळीचा मुकादम हसला. "गप ए. साह्यब काय तुमच्या सोयरिकी जुळवाया बसलेत व्हय?"

मीही हसलो आणि पुढच्या जागेकडं वळलो.

थोड्याच दिवसांत एका सकाळी ती कोपीत एकटीच बाळंत झाली. सगळा तळ उसाच्या फडात गेला होता; मागं राहिलेल्या बहिऱ्या चुलतसासूला हाका ऐकू गेल्या नाहीत. आजूबाजूच्या कोप्या ओळखीच्या नव्हत्या आणि रिकाम्याही होत्या. दुपारी डबे न्यायला आलेल्या बाईला ती दिसली. बाळ थंड पडत चाललं होतं. कारखान्याच्या जीपमधून मी दोघांना दवाखान्यात नेलं. मायलेकरं वाचली.

संध्याकाळी परत आलो तर फडातून आलेली माणसं कोप्या हलवत होती. चौघं चार बाजूंनी धरायचे, अख्खी कोपी उचलायचे आणि चालू लागायचे. पुढं कोण, मागं कोण, तोंड कुणाकडं, कुणी विचारत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं. एवढी मोठी वस्ती माझ्या डोळ्यांदेखत चालत गेली आणि अंधार पडायच्या आत जिथल्या तिथं बसली. मी नुसता उभा होतो. पुढं कितीतरी हंगाम त्या तळावर लेकरू हरवलं नाही, पाण्यावरून भांडण झालं नाही. त्याचं नाव मला मिळालं.

त्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात पुढची बोलणी करायला मी या मजुरांच्या गावी गेलो. मुकादम पारावर बोलत थांबला, मी एकटाच वस्तीत शिरलो आणि पावलं आपोआप मंदावली. इथं मी कधीच आलो नव्हतो, तरी सगळं ओळखीचं होतं. तीच मधली मोकळी जागा, तिथं लेकरं खेळत होती आणि प्रत्येक दारातून ती दिसत होती. ही सगळी वस्ती दरवर्षी ट्रकमध्ये बसून माळावर येत होती आणि मी तिला वेडीवाकडी म्हणत होतो.

कुणाला न विचारता मी त्या बाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती लेकराला कडेवर घेऊन बाहेर आली.

"घर कसं घावलं तुमाला?"

"तळावर पाहिलं होतं."

तिनं पाण्याचा तांब्या दिला. "औंदा रेघा मारनार का तुमी?"

"नाही."

"मंग यिऊ."

ती बहिरी चुलतसासू समोरच्याच घराच्या उंबऱ्यावर, हिच्या दाराकडं तोंड करून बसली होती. पाणी पिऊन मी निघालो, तर गल्लीच्या वळणाआड होईपर्यंत म्हातारीनं माझ्यावरची नजर काढली नाही.