तुरीशिवाय धुळ्याला

धुळ्याच्या अलीकडचं फागणं गाव मागे टाकल्यावर हायवेच्या कडेला कुसुमभाभी गाडीतून उतरल्या आणि त्यांनी चपला काढल्या. आम्ही मागच्या गाडीत होतो. मला वाटलं, त्यांना मळमळतंय. पण त्या उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

माझ्या शेजारी बसलेली त्यांची सून रुची पुटपुटली, "गेलं. मम्मीजी काहीतरी सोडताहेत."

मी घाईघाईने गाडीचं दार उघडलं. कारण कुसुमभाभींनी एखादी गोष्ट सोडली म्हणजे काय होतं, हे मी जळगावात भिंतीला भिंत लागून राहत असल्यामुळे चांगलं पाहिलेलं आहे. ही जैन मंडळी नियम घेतात. कुणी चातुर्मासात हिरवी भाजी सोडतं, कुणी गोड सोडतं. बहुतेकांचे नियम मुदतीचे असतात. कुसुमभाभींनी एकदा चहा सोडला. चहा गार झाला म्हणून त्यांचे यजमान प्रेमराजभाऊ पाहुण्यांसमोर काहीतरी बोलले, एवढंच निमित्त. त्यांनी तिथेच हात जोडले आणि "वोसिरामि" म्हटलं. वोसिरामि म्हणजे सोडलं. त्यानंतर मुलाचं लग्न झालं, नात झाली, पण माझ्या घरी येऊन त्या अजून गरम पाणीच पितात.

पण हे सगळं तुरीपासून सुरू झालं, म्हणून ते आधी सांगायला हवं.

कुसुमभाभींचं माहेर धुळ्याचं, गल्ली नंबर चारमधलं. प्रेमराजभाऊंच्या घरची जळगावात डाळ मिल. लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी निघाली. सासऱ्यांचा ट्रक वऱ्हाड घेऊन धुळ्याला आलेला. परतताना वऱ्हाड बसने जाणार होतं, म्हणजे ट्रक मोकळा जाणार. मोकळा ट्रक पाहून सासऱ्यांचा जीव राहीना. त्यांनी बाजारातून तूर उचलली, पोती भरली, आणि नव्या सुनेला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून पाठवून दिलं. अख्खी गल्ली दारात उभी होती. कुसुमभाभींचे थोरले भाऊ मिश्रीलाल, त्यांचे भाईसाब, मोठ्यांदा म्हणाले, "चला, आमची तूर जळगावला निघाली." लोक हसले. ते हसणं मिश्रीलालांनी पुढे जपून ठेवलं. भाभी माहेरी गेल्या की दारातच विचारणार, "आली का आमची तूर?"

हे भाभींनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पापडाचं लाटणं हातात धरून तशीच थांबले होते. भाभी मात्र पापड उचलत म्हणाल्या, "नूतन, लाट. वाळतोय."

मिलचा कारभार मुलाच्या, रोनकच्या हातात दिल्यावर प्रेमराजभाऊंनी एक गाडी घेतली, आणि आमची सगळी कॉलनी तोंडात बोट घालून बघत राहिली. पुण्याकडच्या कुणा कारागिराने जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्यांच्या धर्तीवर ती बांधलेली होती. बाटलीसारखा हिरवा रंग, लांबलचक नाक, तारांची चाकं, वर कापडी छत, आणि जागा फक्त दोघांना. आयुष्यभर पायजमा फाटेपर्यंत वापरणारा हा माणूस त्या गाडीत गॉगल लावून बसला तेव्हा मला हसावं की नमस्कार करावा, कळेना.

भाभींना मात्र लगेच कळलं. दोनच जागा. मागे कुणी नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, "अहो, एकदा या गाडीने धुळ्याला न्या मला. गल्लीत. रिकामी."

तो 'एकदा' काही आलाच नाही. भाऊंना रिकामी डिकी बघवत नसे, बापाचंच रक्त. नशिराबादला चालले तरी डाळीचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, टाक, धरणगावला चालले तरी टाक, "जातोच आहोत तर." त्या नाजूक गाडीने डाळ वाहून वाहून मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, बसले. गाडी मागून अशी टेकायची, की तिला आता उठून उभं राहायला कुणीतरी हात द्यावा. एकदा भाभींना देवळात नेताना खड्ड्यात असा दणका बसला की त्यांची कंबर धरली. त्या म्हणाल्या, "पाटे बदला. मग धुळं. त्याआधी मी यात बसत नाही."

शेवटी गाडी नशिराबादजवळ तोताराम मिस्त्रीकडे गेली. मलाही भाभींनी सोबत नेलं. का, ते तिथे गेल्यावर कळलं.

तोताराम मूळचा धरणगावचा. केळीच्या ट्रकांचे पाटे बसवण्यात त्याची हयात गेली. गड्याचं तोंड हातोड्यापेक्षा जास्त चालतं. गाडीखाली वाकून तो बाहेर आला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला, "शेठ, ही गाडी शे का मालगाडी शे? बठ्ठा पाटा बसी ग्यात. एक तर तुटी गया."

"डाळीचं काय एवढं वजन," भाऊ म्हणाले.

"डाळनं नही, आशेनं वजन शे."

त्याने जुने पाटे उतरवून जमिनीवर ठेवले. मी बघतच राहिले. नवा पाटा विळीच्या पात्यासारखा बाकदार, आणि जुना अगदी पोळपाटासारखा सपाट. मधून चिरलेला. या चिरलेल्या पट्टीवर भाभी देवळापर्यंत जाऊन आल्या होत्या.

"तोताराम, एक पाटा जास्त टाक," भाऊ हळूच म्हणाले. "ट्रकला टाकतोस तसा."

भाभींनी मला कोपराने ढोसलं. याचसाठी त्या आल्या होत्या, आणि मला साक्षीला आणलं होतं.

"अक्का, तुम्हीच सांगा," तोताराम म्हणाला.

"जास्तीचा पाटा म्हणजे जास्तीची डाळ," भाभी म्हणाल्या. "नाही टाकायचा."

पाटे बसले, पण शेवटचे नट त्याने आवळले नाहीत. गाडी जॅकवरून खाली घेतली आणि म्हणाला, ज्यांनी बसायचं त्यांनी आत बसा. नट वजनासकट आवळायचा असतो, हवेत आवळला तर आतलं रबर पिळवटून फाटतं. मग बसणारा ट्रकचा ड्रायव्हर असो नाहीतर शेठजी.

म्हणून ते दोघं बसले. गाडी जागच्या जागी. भाभींनी फोटोला बसावं तसा पदर सारखा केला. भाऊंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"हलू नका अक्का," गाडीखालून आवाज आला.

"मी कुठे हलतेय? यांचाच पाय हलतोय."

"कुठे जायचं, बाईसाहेब?" भाऊंनी विचारलं. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"धुळ्याला. रिकामी."

"रिकामी. शब्द दिला."

गाडी मागून उंच झाली होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये माझा पंजा उभा मावत होता. मी घालून बघितला, कारण मला अशा गोष्टी करून बघायची खोड आहे.

निमित्तही जुळून आलं. मिश्रीलालांच्या पंचाहत्तरीचं जेवण होतं. सकाळी ते दोघं हिरव्या गाडीत, आणि मागे रोनक, रुची अन् मी मोठ्या गाडीत. भाभींनी छत उघडं ठेवायला लावलं होतं. एरंडोलपर्यंत त्यांचा पदर वाऱ्यावर उडताना दिसत होता आणि मला उगाच आनंद होत होता. पारोळ्यानंतर मात्र रोनकने गाडी जवळ घेतली, आणि माझी नजर मागच्या चाकावर गेली. पंजा नाही, दोन बोटंही शिरणार नाहीत, एवढी फट. टायरचा माथा पत्र्याआड गेला होता.

"रोनक," मी म्हटलं, "डिकीत काय आहे?"

त्याने आरशात रुचीकडे बघितलं. मग म्हणाला, "काल मामांचा फोन आला होता. दुकानात तूरडाळ संपली म्हणाले. बाबा म्हणाले, जातोच आहोत, डिकी रिकामीच आहे. दोन कट्टे मीच ठेवले."

"रिकामीच ठेवायची होती ना रे ती," रुची म्हणाली. मी भाभींना फोन लावला. वाऱ्यात त्यांना ऐकू गेला नसावा.

फागण्याला गतिरोधक आला. हिरवी गाडी वर गेली, आणि खाली येताना मागून असा धाड्कन आवाज झाला की चहाच्या टपरीवरची माणसं वळली. थोडं पुढे जाऊन गाडी कडेला थांबली. भाभी उतरल्या, मागे आल्या, डिकी उघडली. कट्ट्यांकडे बघितलं. डिकी उघडीच टाकून त्या चार पावलं पुढे गेल्या, आणि चपला काढल्या.

आम्ही धावत पोहोचलो तेव्हा "वोसिरामि" म्हणून झालं होतं.

"काय सोडलंस?" भाऊंनी विचारलं.

"वाहन. भाईसाबांच्या उंबरठ्यापर्यंत चाकावर बसणार नाही."

धुळं अजून दोन-अडीच तासांच्या चालीवर होतं. भाऊंनी कसलाही विचार न करता एक कट्टा ओढून मातीत टाकला, मग दुसरा. धापा टाकत म्हणाले, "हे बघ. उतरवले. रिकामी झाली. बस आता."

भाभींनी गाडीकडे बघितलं. ती मागून खरंच उठली होती, पाटे पुन्हा बाकदार झाले होते. आणि तेव्हा मला त्यांच्या तोंडावर जे दिसलं, त्याने मी जास्त हादरले. त्यांना त्या गाडीत बसायचं होतं. अजूनही, तितकंच.

"आता कशी बसू?" त्या म्हणाल्या. "बोलून बसले."

"मनातल्या मनात बोललीस. कुणी ऐकलं?"

"मी ऐकलं ना."

त्यांनी चपला घातल्या आणि धुळ्याच्या दिशेने चालू लागल्या. लगेच थांबून मागे वळल्या. "रोनक, ती डाळ मातीत कशाला? मोठ्या गाडीत घे. डाळीने काय केलंय?"

भाऊंनी किल्ली रोनकच्या हातात दिली आणि तेही चालायला लागले.

"तुमचे गुडघे," भाभी म्हणाल्या.

"मी कुठे नियम घेतलाय? दुखले की बसेन गाडीत."

मग ती वरात निघाली. बाजूने ट्रक जात होते, पुढे ते दोघं, त्यांच्यामागे रोनक ती हिरवी गाडी पावलापावलाने चालवतोय, आणि सगळ्यांत मागे मोठी गाडी चालवणारी रुची आणि शेजारी मी, तूरडाळीसकट. थोड्या थोड्या वेळाने रोनक भाऊंच्या बाजूला गाडी नेई आणि म्हणे, "बाबा, बसा." भाऊ रिकाम्या सीटकडे बघत, मग भाभींकडे, आणि चालत राहत. धुळ्याच्या वेशीअलीकडे त्यांनी भाभींची पर्स काखेत घेतली. उतरणीवर ते लंगडायला लागले. तरी बसले नाहीत. त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होते असं मला वाटत होतं.

गल्ली नंबर चारमध्ये पानं वाढून झाली होती. मिश्रीलाल दारातच होते, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं. तोंडावर ते नेहमीचं हसू.

"आली का आमची..."

आणि ते थांबले. धुळीने भरलेली बहीण, तिची पर्स काखेत धरलेले लंगडणारे मेहुणे, आणि दोघांच्या मागे एक रिकामी, उंच पाठीची हिरवी गाडी. ओट्यावर कुणी हसलं नाही.

भाभींनी उंबरठा ओलांडला, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "तूर मागच्या गाडीत आहे, भाईसाब. उतरवून घ्या."

मग बाहेर जाऊन त्या हिरव्या गाडीत बसल्या. नियम उंबरठ्यापर्यंतच होता. गल्ली बघत होती. आत पानं गार होत होती. रोनकला उतरवून प्रेमराजभाऊ गुडघा धरत दुसऱ्या बाजूने चढले आणि म्हणाले, "कुठे जायचं, बाईसाहेब?"